कॅम कुठला घालू ते कळव

सिल्वासा, १२ जानेवारी

अभिजीत,

नावाआधी काही लिहावंसं वाटलं नाही, म्हणून नुसतं नाव. तुझ्या शारजातल्या गॅरेजचा पत्ता योगेशला इन्स्टाग्रामवर सापडला. एका पिवळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तू उभा आहेस, त्या फोटोखाली होता. वजन वाढलंय तुझं.

तीन वर्षांनी लिहितेय म्हणून भलता समज करून घेऊ नकोस. काम आहे. तुझी ती जुनी अमेरिकन गाडी, प्लिमथ, अजून शेडमध्येच आहे, तू गेलास तेव्हा होती तिथेच. इंजिन उघडलंय. किलवणी नाक्यावरचं तुझं गॅरेज आता योगेश चालवतो. तो म्हणतो, पिस्टन, क्रँक सगळं ठीक आहे, फक्त तू घातलेला तो मोठा कॅमशाफ्ट काढायला हवा. त्याच्या जागी कुठला घालायचा यावर मात्र आमचं जमत नाही. त्याला वाटतं कंपनीचा मूळ कॅम परत बसवावा. मला तसं नको. चढावर गाडी ओढली गेली पाहिजे. अमेरिकन इंजिनांमधलं इथे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून तुला विचारतेय.

तर ऐक. इंजिन तेच, तीनशे अठराचं व्ही-एट. गिअरबॉक्स तीच ऑटोमॅटिक, आतला कन्व्हर्टर कंपनीचा, तो बदलणार नाही. मागचा एक्सलही तोच. एसी बसवायचाय. गाडी लोकांना ऐकवायला नाही, रोज रस्त्यावर न्यायला हवीय. गिअर डी मध्ये टाकून सिग्नलला ब्रेकवर उभी केली तर बंद पडता कामा नये आणि स्वतःहून पुढे ओढताही कामा नये. ब्रेक हलका लागला पाहिजे. चालवणाऱ्या माणसाला फार जोर लावता येणार नाही. माणूस कोण, ते विचारू नकोस.

कॅम कुठला घालू ते कळव. फोन करू नकोस, तुझा नंबर ब्लॉक आहे आणि तसाच राहील. कागदावर लिही.

तुझ्या आई बऱ्या आहेत.

अश्विनी


सिल्वासा, २३ फेब्रुवारी

अभिजीत,

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. कॅमबद्दलचं शेवटचं पान तेवढं ठेवलं. बाकीची पानं योगेशला हात पुसायला दिली. शाईच्या पेनाने लिहितोस अजून, त्यामुळे त्याचे हात निळे झाले.

त्या एका पानावर तू म्हणतोस, जुन्यापेक्षा जरा लहान घाल, पण उभी असताना थोडी धडधड हवीच, नाहीतर व्ही-एट ठेवायची कशाला. हे वाक्य वाचून मला बरं वाटलं. माणूस बदलला असेल की काय अशी भीती होती.

ती धडधड कशाने येते ते मला आता पाठ आहे. व्हॉल्व्ह किती वेळ उघडे राहायचे ते कॅम ठरवतो. जास्त वेळ उघडे राहिले की वरच्या वेगात ताकद मिळते. पण गाडी उभी असताना इंजिन अडखळतं, धापा टाकतं. तोच आवाज ऐकायला रविवारी दादऱ्याहून कारखानदार यायचे आणि तू त्यांना चहा पाजायचास. आणि अडखळणाऱ्या इंजिनात व्हॅक्यूम तयार होत नाही. पॉवर ब्रेक त्या व्हॅक्यूमवर चालतो. त्यातून इंजिन बंद पडू नये म्हणून तू ते उभ्या गाडीतही जोरात फिरतं ठेवलं होतंस, म्हणजे डी मध्ये टाकताच गाडी पुढे झेप घेणार आणि ब्रेक तिला धरणार नाही. कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर सूत तपासणाऱ्या बाईला हे कुठून कळलं, असं तुला वाटेल. दवाखान्यात मला वाचायला भरपूर वेळ होता.

गाडी विकणार का, असं तू विचारलंयस. नाही. मी चालवणार आहे. डावा पाय गुडघ्याखाली नाही, तिथे जयपूर फूट आहे. पण ऑटोमॅटिकला डावा पाय लागतच नाही. हा फायदा तू कधी कुणा गिऱ्हाइकाला सांगितला नसशील.

एखादी छोटी ऑटोमॅटिक घेऊन टाक, असंही लिहिलंयस. मला हीच हवी. हिची किंमत मी दिली आहे.

आता एक प्रश्न. त्याचं उत्तर दिल्याशिवाय तुझं पुढचं पान वाचणार नाही. तू व्हॅक्यूमचा गेज डॅशबोर्डला खाली लटकवला होतास. त्या सकाळी तू आत बसला होतास आणि मी गाडी आणि शेडची भिंत यांच्यामध्ये उभी होते. गेजवर किती होतं?

योगेशला हा आकडा लागत नाही. मला लागतो. तू पोलीस चौकीत, गावाला, माझ्या आईवडिलांना कुडाळला फोन करून, सगळ्यांना एकच सांगितलंस: मी नको नको म्हणत होतो, तीच गाडीपुढे गेली, ब्रेक ऐनवेळी गेला. माझे वडील आजही फोनवर मधूनच म्हणतात, अगं, कशाला गेलीस पुढे. शेडच्या दारात उभ्या असलेल्या तुझ्या आईंनी चौकीत येऊन खरं सांगितलं. चौकीने कागद मिटवला, गावाने तुझंच खरं धरलं, तरी त्या दिवसापासून तू त्यांच्याशी बोलला नाहीस. आणि मी दवाखान्यातून घरी यायच्या आधी निघून गेलास.

तर किती होतं?

आईंची चौकशी केलीस. त्यांची खाट आता पुढच्या खोलीत आणली आहे, तिथे वारा चांगला येतो.

अश्विनी


सिल्वासा, १९ एप्रिल

अभिजीत,

गेज बिघडलेला होता, नक्की आठवत नाही, असं तुझं उत्तर आलं.

गेज अजून तिथेच लटकतोय. मी योगेशला सांगून तो काढवला आणि दुसऱ्या नव्या गेजशेजारी लावून तपासला. केसाइतकाही फरक नाही. आमच्या लॅबमध्ये एखाद्या पोराने असं उत्तर दिलं तर मी त्याला पुन्हा मोजायला लावते. तुला पुन्हा लिहायला लावतेय.

कॅमचा आकार तू उतरवलास, हे बरं केलंस. योगेश म्हणाला, आता माणसात आला. तरीही तुला ती थोडी धडधड सोडवत नाही. 'ऐकायला मस्त लागेल' असं लिहिलंयस. कुणाला ऐकायला?

तुझी पत्रं येतात हे आईंना माहीत आहे. खरं तर पहिलं पत्र त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलं. कॅमचं निमित्त माझं. पाकीट आलं की त्या उशीवरून मान वळवून विचारतात, "खरं बोलना का तो?" मी नाही म्हणते. मग त्या भिंतीकडे तोंड करतात. त्यांना तर ही गाडी केव्हाच भंगारात गेलेली हवी होती. मी ती दुरुस्त करतेय म्हणून सुरुवातीला माझ्याशी अबोला धरला होता. पण माझ्यासाठी त्यांनी चौकीच्या पायऱ्या चढल्या, पोटच्या पोराच्या विरुद्ध बोलल्या, म्हणून त्यांचा अबोलाही मला गोड होता.

हल्ली आम्ही दोघी आठवड्यातून तीनदा रिक्षाने बाहेर जातो. कुठे ते तुझ्या कामाचं नाही. परतताना त्या फार थकलेल्या असतात आणि रिक्षावाला खड्डे चुकवत नाही. गाडी लवकर तयार झाली तर बरं, एवढंच.

तुला घाई कर असं सांगणार नाही. आकडा लिही.

अश्विनी


सिल्वासा, ८ जुलै

अभिजीत,

पार्सल पोचलं. कॅम, नवे लिफ्टर, चेन, सगळं तेलकट कागदात नीट गुंडाळलेलं. योगेशने कॅम दारातल्या उजेडात धरून सावकाश फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, हाच." कंपनीच्या मूळ कॅमपेक्षा थोडासाच मोठा. खालच्या वेगात ओढणारा, उभ्या गाडीत गप्प राहणारा. गेजवर सतरा दिसेल आणि ब्रेक बोटाने दाबला तरी लागेल, असं तू लिहिलंयस. या वेळी तू धडधडीचं नाव काढलं नाहीस.

पत्र मी सगळं वाचलं. एकही पान योगेशला दिलं नाही.

तू लिहितोस: 'सात होतं. सातवर ब्रेक लागत नाही. दोन-तीन दिवस मी दोन्ही पाय देऊन गाडी थांबवत होतो. इंजिनचा पट्टा बघायला पुढे उभी राहा असं मीच तुला म्हटलं. डी मध्ये टाकली ती गंमत म्हणून. तू दचकशील आणि मी ब्रेक मारीन, असं वाटलं होतं.'

गंमत म्हणून, हे मला माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं.

आता माझ्याकडून. तुझ्या आई गेल्या. जून महिन्यात. तुझं पार्सल आलं तेव्हा तेराव्याची पातेली घासून ज्याची त्याला परत करून झाली होती.

दोन्ही किडन्या गेल्या होत्या. गेल्या दिवाळीपासून डायलिसिस चालू होतं. रिक्षाने तिकडेच जात होतो. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, आता फार ओढायचं नाही, जवळच्यांना बोलावून घ्या. मी आईंना विचारलं, अभिजीतला बोलावू का. त्या म्हणाल्या, "त्याले आजाराचं सांगू नको. आजाराचं ऐकीसन कोणी बी येतं. आधी त्याले खरं बोलू दे." म्हणून ते पहिलं पत्र.

इथवर जे झालं ते त्यांच्या मनासारखं झालं. पुढचं माझं आहे.

मे महिन्यात त्यांचा हट्ट सुटला. जेवण जाईना. मी चमच्याने पेज भरवत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "जाऊ दे पोरी. बलाव त्याले." मी हो म्हटलं. बोलावलं नाही. तुझ्या नंबरवरचा ब्लॉक काढायला बोट लावायचं होतं फक्त. तू मिळेल त्या विमानाने आला असतास, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच नाही बोलावलं.

फाटक वाजलं की त्या डोळे उघडायच्या. चार-पाच दिवस मी नुसतं कळवलंय म्हणून सांगत राहिले. मग एकदा सांगितलं, त्याला सुट्टी मिळत नाही. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. फाटकाकडे बघायचंही सोडलं. शेवटच्या आठवड्यात त्या मला तुझी बहीण समजायला लागल्या होत्या. तुला बहीण नाही.

सकाळी अंघोळ घालायला पाणी तापत ठेवलं, परत खोलीत आले तर संपलं होतं सगळं. दमणगंगेच्या काठी नेलं. अग्नी मी दिला, कुबडी योगेशने धरली होती.

गावाहून तुझे झिपरूकाका आणि इतर पाच-सहा जण आले होते. सगळ्यांसमोर काकांनी विचारलं, "पोऱ्या कुठे शे?" मी सांगितलं, त्याला कधीपासून कळवतेय, येत नाही म्हणाला. काका पागोटं काढून खाली बसले.

माझ्याबद्दल तू गावभर एक गोष्ट सांगितलीस. आता गावात तुझ्याबद्दलही एक गोष्ट आहे. तीही खोटी आहे.

आईंशी मी जे केलं ते तुझ्याशी केलं नाही, त्यांच्याशी केलं, एवढं मला कळतं. त्याचं काय करायचं ते मी बघेन. तुझी त्यात मदत नको.

कॅम बसवायला घेतलाय.

अश्विनी


सिल्वासा, १६ नोव्हेंबर

अभिजीत,

तू येऊन गेल्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दोन गोष्टी तुला माहीत नाहीत, त्या तुला माहीत असाव्यात असं मला वाटतं.

पहिली शेडमधली. तू दिवाळीनंतर बॅग घेऊन फाटकात उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, आधी आईंच्या फोटोपाशी जाशील. तू गेलासही. हात जोडलेस, रडलास. माझ्या पायाकडे बघायचं टाळलंस. आणि मग चहाचा कप हातात असतानाच विचारलंस, सुरू करून बघायची का. मी किल्ली दिली. बॉनेट उघडून कान देऊन उभा राहिलास. इंजिन इतकं शांत चाललं होतं, की तू मागे वळून म्हणालास, "बघ, म्हटलं नव्हतं?" तुझा चेहरा उजळला होता. तो चेहरा बघून मी लग्न केलं होतं.

त्या वेळी मी तुला म्हटलं, तुझ्या कॅमवर तुझा विश्वास असेल तर तिथे जाऊन उभा राहा. तू विचारलं नाहीस, कुठे. बॉनेट लावलंस, भिंतीला पाठ टेकवलीस आणि डोळे मिटलेस. पळून जाशील असं वाटलं होतं. तेवढं मानलं पाहिजे.

पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. मी आत बसले. ब्रेकवर उजवा पाय ठेवला, लिव्हर डी मध्ये ओढली. गाडी जागची हलली नाही. समोर तू होतास, शर्टच्या गळ्यातून घाम ओघळत होता. मला काय वाटलं ते विचारशील तर, काहीच वाटलं नाही. राग येईल म्हणून मी थांबले. तो आला नाही. नुसतं बघावंसं वाटलं. मग मी ब्रेकवरून पाय उचलला. चुकून नाही, उचलला. गाडी अगदी हळू पुढे सरकली. बंपर तुझ्या गुडघ्यांना लागला तेव्हा तू ओठ दाबलेस, पण डोळे उघडले नाहीस. गाडी अजून थोडी रेटली. तुझे तळवे भिंतीवर पसरले. मग मी पाय टेकवला. दाबलाही नाही, टेकवला फक्त, आणि ती जिथल्या तिथे थांबली.

तू डोळे उघडलेस. वाटलं, आता काहीतरी बोलशील, शिवी देशील, माझं नाव घेशील. तू म्हणालास, "ब्रेक केवढा हलका लागला."

मी गाडी मागे घेतली आणि तुला जायला सांगितलं. तू जाता जाता फाटकापाशी थांबून म्हणालास, गावाला जाऊन सगळं खरं सांगतो, मग तू पण सांगशील ना, की मला कळवलं नव्हतंस म्हणून. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली असं तू धरून चाललास.

दुसरी गोष्ट गावची. तू काकांच्या ओट्यावर माणसं जमवून सगळं सांगितलंस, हे मला कळलं. सात आकडा, दोन पाय, गंमत, काही लपवलं नाहीस. माझ्या वडिलांनाही फोन केलास. त्यांनी मला लगेच फोन केला आणि बराच वेळ नुसतेच रडले. माझ्यावर लादलेलं ते एवढ्या वर्षांनी उतरलं. हे तू केलंस, आणि कुणी जबरदस्ती न करता केलंस.

दुसऱ्या दिवशी झिपरूकाकांचा फोन आला. त्यांचा आवाज खाली आला होता. म्हणाले, पोराने चूक कबूल केली, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणतो की आई आजारी असल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढं सगळं खरं बोलला, मग हेही खरंच असेल का, असं घरात सगळे विचारतायत. मग म्हणाले, "पोरी, तू सांगशील ते आम्ही मानू. तू कळवलं व्हतं ना त्याले?"

तू तिथेच होतास का, काकांच्या शेजारी? मला तुझा श्वास ऐकू आल्यासारखा वाटला. तसं असेल तर माझं उत्तरही तू ऐकलं असशील. नसशील तर लिहून देते. मी म्हटलं, हो काका, कळवलं होतं.

काकांनी फोन ठेवला.

माझं जुलैचं पत्र तू त्यांना दाखवलं नाहीस, आणि आता गावाला परत जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. शारजाच्या पत्त्यावर हे पाठवतेय.

गाडी चांगली चालते. काल खेरडीपर्यंत जाऊन आले, चढावर एकदाही अडली नाही. सिग्नलला उभी असली की शेजारच्या रिक्षावाल्याला ती चालू आहे की बंद ते कळत नाही. कॅम योग्य निवडलास.

अश्विनी